बुटांच्या गोष्टीचे बारा वाटे

जानेवारीतला तिसरा शनिवार, संध्याकाळी सात. ठरलेली रक्कम सहा हजार रुपये. त्यात एका माणसाचे जेवण, पेट्रोल ज्याचे त्याचे. ठिकाण दिंडोरीजवळची एक वायनरी. हजर: तिकीट काढून आलेले ऐंशीच्या आसपास, आयोजक एक, फोटोग्राफर एक, माझी बायको, माझी मुलगी आणि मी. शिवाय बिनतिकिटाचे नऊजण. हजर कोण होते हे इतके काटेकोर लिहायला कारण आहे. आमच्याकडे हजर असणे ही फुकट गोष्ट नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात लेखापाल आहे. नाशिक रोडला फ्लॅट आहे, त्याचे हप्ते अजून चार वर्षे आहेत. मूळ गाव सुरगाण्याकडच्या डोंगरात. जात कोकणा, जात नव्हे, जमात, दाखल्यावर तसेच आहे. कोकणा म्हटले की शहरातले लोक आनंदाने विचारतात, “रत्नागिरी की सिंधुदुर्ग?” वीसेक वर्षे मी त्यांना समजावून सांगत होतो की आमचा समुद्राशी संबंध नाही, आम्ही डोंगरातले आदिवासी. त्यावर त्यांचा चेहरा पडायचा आणि ते म्हणायचे, “वाटत नाही हो.” म्हणजे काय वाटत नाही, हे कोणी सांगितले नाही. पुढे मी नुसते “सिंधुदुर्ग” म्हणू लागलो. तेव्हापासून संभाषण सुरळीत चालते आणि मला बांगडा कुठे चांगला मिळतो तेवढे विचारतात.

कारखान्यात वर्षातून एकदा, नऊ ऑगस्टला, म्हणजे आदिवासी दिनाला, मला हार घालतात आणि आपल्या संस्कृतीविषयी दोन शब्द बोलायला सांगतात. त्या दिवशी मी संस्कृती. दहा ऑगस्टला पुन्हा लेखा विभाग.

अशा माणसाने स्टँडअप करायला लागावे याला काही उदात्त कारण असेल असे मुलाखत घेणाऱ्या पोरांना वाटते. कारण असे की मुलगी कॉलेजात गेली आणि मला गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत ओपन माइकला घेऊन गेली. ऐकणाऱ्याला दोनशे रुपये, बोलणाऱ्याला फुकट. मी नाव नोंदवले. दोनशे रुपये वाचले. या कलेत आजवर मला झालेला हा एकमेव निर्विवाद नफा आहे.

त्या रात्री मी आश्रमशाळेचा किस्सा सांगितला. आम्हाला तिथे सरकारी स्वेटर मिळायचे, पण मे महिन्यात. मला तो विनोद वाटत होता; आम्ही पोरे तेव्हाही त्यावर हसायचो, उन्हात स्वेटर घालून फिरायचो. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. मागून “अरेरे” असा आवाज आला. कार्यक्रम संपल्यावर एका गृहस्थाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्याकडे जुने स्वेटर आहेत, कुठे पाठवू, असे विचारले. मी कारखान्याचा पत्ता दिला. स्वेटर आले. तेही मे महिन्यातच आले, पण तो त्यांचा दोष नाही.

नंतर लक्षात आले की लोक हसण्याआधी परवानगी शोधतात. आदिवासी माणूस स्टेजवर चढला की त्यांच्या मते तीनच गोष्टी होऊ शकतात: नाच, निवेदन किंवा मदतीचे आवाहन. हा चौथेच काही करतो आहे, इस्त्रीचा शर्ट खोचून, खिशाला पेन लावून, हे कळेपर्यंत त्यांची पहिली पाच मिनिटे जातात. मला मिळतात सात. उरलेल्या दोन मिनिटांत करिअर करायचे.

त्या दोन मिनिटांसाठी माझ्याकडे एक हुकमी चीज होती, बुटांची गोष्ट.

ही गोष्ट माझ्या मोठ्या बहिणीच्या टोळीची. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. बाई टोळीची मुकादम आहे. आमच्या डोंगरातून दरवर्षी माणसे दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. छाटणी, विरळणी, मग तोड. एक मुकादम दहा-बारा माणसे गोळा करते, मालकाशी एकराने बोली करते आणि शेडमध्ये मुक्काम टाकते. बाईच्या टोळीत तेव्हा दहाजण होते, त्यात तिची सासूही. म्हातारीचे वय तेव्हाच कोणाला नक्की माहीत नव्हते. तिला विचारले तर ती म्हणायची, “मोजणारा मेला.”

झाले असे की त्या बागेची द्राक्षे परदेशी जायची होती आणि तिकडचा एक साहेब मजुरांना नीट वागवतात का ते बघायला येणार होता. मालकाने आदल्या दिवशी दहा जोड गमबूट आणले, सगळे एकाच मापाचे, नऊ नंबर. बागेच्या कडेला पत्र्याचा संडास उभा राहिला. त्याला खड्डा नव्हता, पण दाराला कडी होती. औषधपेटी भिंतीला लावली गेली, तिची किल्ली मालकीणबाईंच्या पर्समध्ये आणि पर्स नाशिकला. साहेब आला, बागेतून फिरला. नऊ नंबरच्या बुटांतून दहा माणसे खडखडत त्याच्या मागे फिरली. त्याने दुभाष्याला विचारायला लावले, तुम्ही आनंदी आहात का? बाई म्हणाली, “त्याला इचार, बूट उद्या पन राहनार का?” दुभाष्याने इंग्रजीत सांगितले, ती म्हणते खूप आनंदी आहे. संध्याकाळी मालक रिकामे पोते घेऊन आला आणि बूट मोजून परत घेऊ लागला. नऊ जोड भरले. दहावा म्हातारीच्या पायात, आणि म्हातारी बागेतून चालत निघून, वणीची एसटी धरून, गावाला पोचलेली.

इथवर गोष्ट खरी आहे. पुढचा शेवट मी बदलला. मूळ शेवट योग्य माणसाच्या तोंडून पुढे येईलच. इथे मीच सांगितला तर तोही वाटा मी खाल्ला असे होईल.

का बदलला, तेही सांगतो. पहिल्यांदा कॅफेत मी तो आहे तसा सांगितला तेव्हा फक्त कॉफीच्या यंत्राचा आवाज आला. नाशिकमध्ये स्टँडअपचे तिकीट कोण काढते याचा विचार मी केला नव्हता. द्राक्षाच्या बागा ज्यांच्या घरी आहेत त्यांची मुले काढतात. ती हसायला आली होती, जाबजबाब द्यायला नव्हे. पुढच्या वेळी मी म्हातारीला जरा बावळट केले. तिला बूट काढताच येईनात, तिघांनी ओढले तरी निघेनात, म्हणून ती बुटांसकट गेली आणि रात्री बुटांसकट झोपली, असा शेवट लावला. लोक टेबलावर हात आपटून हसले. हिशोबाच्या माणसाला यातून एकच निष्कर्ष निघतो. मी तोच काढला आणि ती जमा बाजू धरून चाललो. शिवाय सगळे स्वतः पाहिल्यासारखे सांगायचो. प्रत्यक्षात त्या दिवशी मी अंबडला पगारपत्रके करत होतो.

अशी ही गोष्ट कोणीतरी मोबाइलवर काढली, ती फिरली आणि वायनरीच्या आयोजकापर्यंत पोचली. तरुण मनुष्य, केसांचा मागे बुचडा, मला दादा म्हणणारा. त्याला ‘मातीतले आवाज’ अशी संध्याकाळ करायची होती. अर्धा तास बोलायचे होते. माझ्याकडे बरे म्हणावे असे वीस मिनिटांचे सामान होते; बुटांची गोष्ट ऐसपैस सांगितली तर तीस. म्हणजे ती गोष्ट नसेल तर सहा हजारांचे काम माझे नव्हे, हे पहिल्या फोनलाच स्पष्ट होते.

“दादा, एंट्रीला तारपा वाजवणारा ठेवू या,” तो म्हणाला.

“तारपा आमच्याकडे नाही. आमच्याकडे पावरी.”

“ऑडियन्सला फरक कळत नाही.”

“तेच मी स्टेजवर सांगतो.”

“बरं, मग बॅकड्रॉपला वारली पेंटिंग?”

“ती वारल्यांची.”

“दादा, तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणताय. काहीतरी तुमचं खास असेल ना?”

“कॅल्क्युलेटर आहे. बारा आकडी.”

तो हसला आणि ऑथेंटिक असा एक शब्द म्हणून फोन ठेवला. बॅकड्रॉपला वारली पेंटिंगच होते.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. डोंगरात शिकार केली किंवा नदीत मासे मारले, तर त्या वेळी जो जो हजर असेल त्याचा वाटा निघतो. मारणारा, हाकणारा, नुसता काठावर उभा असणारा, वाटेने जाताना थांबलेला पाहुणा, सगळे. ज्याच्या हातून शिकार झाली त्याला एक वाटा जादा. (शिकार आता कायद्याने बंद आहे, हे नोंदवून ठेवतो. मासे चालू आहेत.) आणि गोष्टींचेही तसेच आहे. जी गोष्ट दहाजणांवर घडली ती एकटा सांगत नाही. बुटांची गोष्ट आमच्या पाड्यावर शिमग्याच्या सुमारास सांगतात तेव्हा साहेबाची चाल बाईचा दीर करून दाखवतो, दुभाष्याचे तोंड तिची नणंद करते, मालकाचे पोते आणखी कोणीतरी उचलते. आपला भाग आला की आपण बोलायचे. दुसऱ्याने तो बोलून टाकला तर ताटातला घास उचलल्यासारखे होते.

हे सगळे मला पाठ होते. पण रीत गावाला असते आणि आपण नाशिक रोडला असतो, असे धरून मी चाललो होतो.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी बाईला फोन केला. तिची टोळी त्या हंगामात त्याच भागात होती. “बाई, शनिवारी तुझ्या मुक्कामापासून दोन-तीन किलोमीटरवर माझा कार्यक्रम आहे. बुटांची गोष्ट सांगणार आहे.”

“कवा?”

“सातला.”

“बरं,” म्हणाली आणि फोन बंद. बाईचे बोलणे मी इथे वाचता येईल इतपत सरळ करून लिहितो आहे; मूळ ऐकायचे असेल तर डोंगरात यावे लागेल.

जेवताना मी बायकोला हे सांगितले. ती पेठकडची, आमच्यातलीच. तिने भाकरी मोडायची थांबवली.

“अहो, तुम्ही वेळ सांगितलीत?”

“हो.”

“जागा?”

“तीही. माहिती म्हणून.”

“मग येतील.”

“मी बोलावलं कुठे?”

“अजून कसं बोलावतात?” ती म्हणाली आणि मुलीकडे बघून, “तुझे पप्पा शहरात राहून पार शिकले.”

शनिवारी पावणेसातला वायनरीच्या फाटकाशी एक पिकअप थांबला. त्यातून बाई उतरली, मागे आठजण, धुतलेल्या कपड्यांत. मी पार्किंगमधून बघत होतो. वॉचमनने हात केला, “लेबर मागच्या गेटनं.”

“कामाला नाय आलो. ऐकाया आलो,” बाई म्हणाली.

“काय ऐकायला?”

“आमचीच गोष्ट.”

वॉचमनकडे या प्रकारासाठी रजिस्टर नव्हते. त्याने आयोजकाला बोलावले. आयोजकाने नऊजणांकडे बघितले, मनात तिकिटांचा गुणाकार केला आणि जागा फुल आहेत असे फार नम्रपणे सांगितले. मी पुढे जाऊन म्हणालो, “ही माझी बहीण आणि तिची टोळी. गोष्टीतली.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी कधी विसरणार नाही. “रिअलवाले?” तो म्हणाला. दोन मिनिटांत पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरच्या ‘राखीव’च्या पाट्या उचलल्या गेल्या आणि फाटकाशी जागा नसलेली माणसे वायनरीच्या सोफ्यावर बसली. फोटोग्राफर त्यांच्यासमोर गुडघ्यावर. बाईचा दीर म्हणाला, “याला उठवा, मला पुढलं दिसत नाय.”

टेबलांवर छोट्या बशांत काळपट कुरकुरीत चकत्या होत्या. कार्डावर नाव लांब होते, आणि ‘मिलेट’ हा शब्द दोनदा होता; नाचणी किंवा नागली हा एकदाही नव्हता. बाईच्या नणंदेने एक चकती उचलली, वास घेतला, चावली.

“नागली हाय,” ती सगळ्यांना म्हणाली.

“मंग?”

“करपली हाय.”

माझी पहिली वीस मिनिटे ठीक गेली. सिंधुदुर्ग चालले, नऊ ऑगस्ट चालला. मे महिन्यातल्या स्वेटरला या वेळी सोफ्यावरचे नऊजण मोठ्याने हसले. तिकीटवाल्यांनी त्यांच्याकडे बघून परवानगी मिळाल्याची खात्री करून घेतली आणि मग तेही हसले. मला वाटले, आज जमणार. बुटांची गोष्ट सुरू केली.

“मालकाने दहा जोड बूट आणले,” मी म्हणालो, “सगळे एकाच मापाचे.”

“नऊ नंबर,” सोफ्यावरून नणंद.

“नऊ नंबर,” मी म्हणालो. लोक हसले. “परदेशी साहेब आला, हात मागे बांधून—”

“असं नाय,” म्हणत बाईचा दीर उठला. त्याने पोट पुढे काढले, हात मागे घेतले आणि दोन रांगांमधून साहेबासारखा चालू लागला. एका तिकीटवाल्याच्या ताटाशी थांबून वाकला, दोन बोटांनी द्राक्ष उचलून उजेडाकडे धरले आणि मान हलवून परत ठेवले. सगळे लोक कोसळले. आयोजक भिंतीशी उभा राहून दोन्ही अंगठे दाखवत होता. त्याला हे बसवलेले वाटले. मग दुभाषी आला, म्हणजे नणंद उठली. तिला इंग्रजी येत नाही. तिचे ते न येणारे इंग्रजी मी आजवर ऐकलेल्या सर्व इंग्रजीपेक्षा अस्सल होते. आमच्या कारखान्यात वार्षिक सभेत असेच बोलतात.

मी माइक धरून उभा होतो. माझ्याकडे सांगायला फक्त ‘मग’ आणि ‘तेवढ्यात’ उरले होते. अर्ध्या तासाचे मानधन घेऊन दोन क्रियाविशेषणे पुरवणारा कलावंत नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. पण हशा कोणाचाही असो, जमा माझ्याच खाती होणार, हे मी विसरलो नव्हतो. शेवट जवळ आला. मालक पोते घेऊन आला, नऊ जोड भरले.

“आणि म्हातारीच्या पायातून काही केल्या बूट निघेनात,” मी म्हणालो. “तिघांनी धरून ओढले—”

“थांब,” बाई म्हणाली.

ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. लोक हसले, त्यांना आता सोफ्यावरून काहीही आले तरी हसायचे हे कळले होते.

“तसं नाय झालं, भाऊ.”

“बाई, कार्यक्रम चालू आहे,” मी माइकमध्येच म्हणालो. आणखी हशा.

“दिसतंय मला. म्हातारीला बूट काढता येत नव्हतं?” ती उठून उभी राहिली. “चार पोरं काढली तिनं, एक बूट नाय निघाला व्हय? तू होतास तिथं?”

“नाही.”

“मंग खाली बस जरा.”

बसायला खुर्ची नव्हती. मी स्टेजच्या कडेला टेकलो. बाईने माइक घेतला नाही, तिला लागत नाही. द्राक्षाच्या दोन रांगा पलीकडे ऐकू जाईल असे ती आयुष्यभर बोलत आली आहे.

“साहेबानं इचारलं, हे बूट कोनाचं? दुभाष्यानं मराठीत इचारलं, आमी समद्यांनी ऐकलं. मालक म्हनलं, यांचंच. दरसाल देतो. म्हातारीनं ते ऐकलं. तिचं तिला दिलंय म्हनल्यावर ती घेऊन गेली. सांजला मालक पोतं घेऊन आलं, मोजलं, म्हनलं, मुकादम, एक जोड कमी. मी म्हनलं, मालक, तुमीच म्हनला यांचंच. आता तुमचं हाय म्हनत असाल तर साहेब अजून वसरीवर च्या पितोय. जाऊन सांगा त्याला, मी मघा खोटं बोललो. मी बूट आनून देते.”

तिने दोन्ही हात झटकले. “मालक गेलं. पोतं हितंच इसरून गेलं. पोतं बी ठेवलं आमी.”

ऐंशी माणसे गप्प बसली होती. हातातल्या ग्लासात बघावे की समोर, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. मला ती शांतता ओळखीची होती. कॅफेतली होती, फक्त कॉफीचे यंत्र नव्हते. मग स्वयंपाकघराच्या दाराशी ताटे घेऊन उभ्या असलेल्या तीन बायका हसू लागल्या, पदर तोंडाला लावून, आणि थांबेनात. सोफ्यावरचे आठजण हसले. तिकीटवाल्यांतले काही हसले. सगळे नाही, आणि जे हसले ते ‘आपण हसणाऱ्यांतले’ हे शेजाऱ्याला दिसेल असे हसले. आयोजकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणजे संपले.

त्यानंतर अर्ध्या तासात तीन बागायतदार एकेकटे माझ्याजवळ आले. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली, की त्यांच्याकडे बूट परत घेत नाहीत. मी त्यांना विचारले नव्हते. तिसरा सांगत असताना बाई शेजारी उभी होती.

“मंग पुढल्या हंगामाला तुमच्याकडं येतो,” ती म्हणाली. “मापं लिहून घ्या. समदी नऊ नंबर नाय.”

गृहस्थांनी खरोखर मोबाइल काढला. त्यांनी लिहिले की नुसता धरून ठेवला, ते मला दिसले नाही.

बाहेर पिकअपजवळ मी बाईला म्हणालो, “बाई, शहरात तो शेवट चालत नाही. लोक हसत नाहीत.”

“म्हातारीला येडी करून किती देतात?”

“सहा हजार.”

“आन खरं सांगून?”

“कमी. कदाचित बोलावणारच नाहीत.”

“मंग कमी घे,” ती म्हणाली. “नायतर दुसरी गोष्ट शोध. तुझी सोताची. ही आमची हाय. सांगायची तर हाय तशी सांग. पुन्यांदा तिला येडी केलीस तर मी येऊन उठून सांगनार, तू कुठंबी अस. पिकअप आमच्याकडं हाय.”

माझ्या मुलीला हे इतके आवडले की तिने ते मोबाइलवर लिहून घेतले. माझे अर्ध्या तासाचे सामान मात्र वीस मिनिटांवर आले होते. बायकोने गाडीत बसताना तोडगा सुचवला: “कारखान्यातलं सांगा की. तिथं तरी तुम्ही हजर असता.”

तेव्हापासून मी बुटांची गोष्ट बाईच्या शेवटासह सांगतो. सुरुवातीलाच सांगतो की मी तिथे नव्हतो. शेवटी शांतता पडते, मी ती पडू देतो आणि खिशातल्या पेनाशी चाळा करतो. बोलावणी कमी झाली आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. एक आयोजक म्हणाला, शेवट जरा हलका करता येईल का. मी म्हणालो, येईल, पण मग मुकादमाला विचारावे लागेल. त्याने परत फोन केला नाही.

आता राहिला हिशोब. त्याच रात्री, पिकअपला टेकून, बाईने सांगितले, “वाटं काढ.”

आयोजकाने मोबाइलवर पाचच हजार चारशे पाठवले होते. सहाशे टीडीएस म्हणून कापल्याचे तो म्हणाला. मी त्याला सांगितले की इतक्या रकमेला तो लागू होत नाही. तो म्हणाला, दादा, ते आमचा अकाउंटंट बघतो. मी म्हणालो, मीच अकाउंटंट आहे. तो म्हणाला, ग्रेट, मग तुम्ही समजून घ्याल.

हजेरी बुटांच्या दिवसाची धरायची असे ठरले, त्यामुळे सोफ्यावरचे नऊ वाटे सरळ होते आणि बायको-मुलगी आपोआप सुटल्या. माझ्याबद्दल थोडी चर्चा झाली. दिराचे म्हणणे, हा बुटांच्या वेळी हजर नव्हता, याचा वाटा कसला? नणंद म्हणाली, गोष्ट इथवर वाहून कोणी आणली? ओझे वाहणाऱ्याचा वाटा असतो. तो मंजूर झाला. मी जादा वाट्याचा विषय काढला, कारण स्टेजवर उभा तर मीच होतो. बाईने माझ्याकडे बघितले. “शिकार म्हातारीनं केली,” ती म्हणाली. म्हातारी आली नव्हती, तिला आता प्रवास होत नाही. पण शिकारीचा वाटा घरी पोचवतात, आणि तो दुप्पट. नऊ, एक आणि दोन. बारा वाटे, प्रत्येकी साडेचारशे. भागाकार पूर्ण गेला, त्याबद्दल त्या सहाशेंचे आभार मानावेत की काय, हे मला अजून कळलेले नाही.

नऊजणांचे पैसे रविवारी सकाळी दिंडोरीच्या एटीएममधून काढून शेडवर नेऊन दिले. म्हातारीचे पुढच्या रविवारी गावी जाऊन दिले. ती अंगणात बसली होती. बूट दाराशी होते. एकात वरईचे बियाणे भरून तोंडाला फडके बांधलेले, दुसरा तळाला फाटलेला. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. मग तिने आधी बुटांकडे बघितले, मग माझ्याकडे.

“मालकानं धाडलं का?”

“नाही आजी. तुमचे पैसे द्यायला आलोय.”

“कशाचं?”

“तुम्ही बूट घेऊन गेलात, त्याचे.”

तिने ते दोनदा वदवून घेतले. नोटा नातीकडून मोजून घेतल्या, कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि पिशवीची गाठ मारली. मग म्हणाली, “लय उशीर केला त्यानं.”

दिले: टोळीतल्या नऊजणांना साडेचारशेप्रमाणे चार हजार पन्नास, रोख. ओझे वाहणाऱ्याला, म्हणजे मला, साडेचारशे. त्यात दोन खेपांचे पेट्रोल बसले नाही. म्हातारीला नऊशे, तिच्या हातात.